दुसरा पडदा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व सांगणारे विद्वान वक्ते आपल्याला दरवर्षी लाभतात. मी तारा आणि खटक्यांचा माणूस. तेव्हा मी एका साध्या, रोजच्या उपयोगाच्या गोष्टीवर बोलणार आहे. एका कार्यक्रमासाठी आपण दोन-तीन पडदे लावतो. त्यातला एखादा अंधारला, तर दोष कुठे आहे हे कसे शोधायचे?

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या कार्यक्रमांची मांडणी आठवा. मोठ्या सभागृहात प्रोजेक्टर असतो आणि भगिनींच्या दालनात टीव्ही किंवा दुसरा प्रोजेक्टर. पडद्यावर काय दाखवतात? शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे जोडायची, शेवटची तारीख कोणती. आता बहुतेक घरांत मुलांचे दाखले, गुणपत्रिका आणि बँकेचे पुस्तक सांभाळते कोण? आई. आणि नेमका तिच्यासमोरचा पडदा बंद पडला की कोणीतरी म्हणते, "पुढे दिसतंय ना, मग चालू द्या." कार्यक्रम पार पडतो, टाळ्या होतात, आणि ज्या हातांनी अर्ज भरायचा त्यांना तारीख कळतच नाही. म्हणून हा दुसरा पडदा शोभेचा नाही. तो पहिल्या पडद्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो चालू ठेवणे हे शिकता येण्यासारखे काम आहे.

आधी चित्राचा प्रवास समजून घेऊ. संगणकाच्या आत चित्र तयार करणारा भाग असतो, त्याला ग्राफिक्स म्हणतात. तिथून चित्र केबलने निघते. एकाचे दोन करायचे असतील तर मध्ये स्प्लिटर नावाची छोटी पेटी बसवतात. तिथून लांब केबलने ते पडद्यापर्यंत पोचते. म्हणजे साखळीच्या चार कड्या झाल्या: संगणक, केबल, स्प्लिटर, पडदा. पडदा अंधारला याचा अर्थ चारपैकी एखादी कडी निसटली. पण आपण काय करतो? एकजण केबल हलवतो, दुसरा रिमोट दाबतो, तिसरा संगणक बंद करून चालू करतो, आणि तिघेही एकाच वेळी. नशिबाने चित्र आलेच, तर कशामुळे आले हे कोणालाच कळत नाही. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तोच गोंधळ.

दौंडच्या रेल्वे कामगारांच्या मुलांना मी वेगळे सांगायला नको. सिग्नलमध्ये बिघाड झाला की सगळा मार्ग उकरत बसत नाहीत. बिघाड कोणत्या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे हे आधी ठरवतात आणि तेवढाच भाग तपासतात. आपणही तेच करायचे. स्प्लिटर काढा आणि आखूड केबलने संगणक सरळ त्या पडद्याला जोडा. चित्र आले, तर संगणक आणि पडदा दोन्ही ठीक. दोष मधल्या भागात आहे. आले नाही, तर लांब केबलचा विचार सोडा. एका तपासणीत निम्मी साखळी निर्दोष ठरली! मग उरलेल्या भागात एका वेळी एकच वस्तू बदला. बदलली आणि फरक पडला नाही, तर ती पुन्हा जागेवर ठेवा आणि पुढे सरका. ही शिस्त पाळली तर बहुतेक दोष पाच-दहा मिनिटांत सापडतात.

आता नेहमी आढळणारे दोष सांगतो.

पहिला दोष खरे तर दोषच नाही. पडद्यावर नुसते पार्श्वभूमीचे चित्र दिसते, आपला मजकूर दिसत नाही. संगणकाने दुसऱ्या पडद्याला आपल्या टेबलाची वाढवलेली फळी मानलेले असते. विंडोजच्या संगणकावर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतात. दोन्हीकडे तेच चित्र हवे असेल तर डुप्लिकेट निवडा. वक्त्याला स्वतःच्या टिपा फक्त आपल्यापुरत्या पाहायच्या असतील तर एक्स्टेंड. मात्र त्यात कधी कधी उलटे होते, टिपा सभेला दिसतात आणि चित्र वक्त्याला! त्या टिपांत एखाद्या कुटुंबाचा फोन नंबर किंवा उत्पन्नाचा आकडा असू शकतो. तेव्हा हे सभा सुरू होण्याआधीच पाहून घ्यावे.

दुसरा दोष जोडणीच्या जातीचा. व्हीजीए ही पंधरा पिनांची निळी जोडणी १९८७ सालची, आयबीएम कंपनीने आणलेली. एचडीएमआय ही २००२ सालची. पहिलीत चित्र विद्युत लहरींच्या चढउताराने जाते, दुसरीत आकड्यांच्या रूपाने. त्यामुळे नुसती तार जोडून एकीचे दुसरीत रूपांतर होत नाही, मध्ये कन्व्हर्टर लागतो. आणि कन्व्हर्टरला दिशा असते. पूर्वी मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे, तेव्हाच गाडी पुढे जाई. कॉर्ड लाइन झाल्यावर अनेक गाड्यांचा तो खोळंबा टळला. कन्व्हर्टरचे तसेच आहे. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा कन्व्हर्टर उलट दिशेने चालत नाही. शिवाय व्हीजीएतून आवाज जात नाही, आवाजाची वायर वेगळी न्यावी लागते. आणि नव्या लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी जोडणीतून चित्र बाहेर येतेच असेही नाही. खरेदीपूर्वी माहितीपत्रक वाचा.

तिसरा दोष सर्वांत फसवा. टीव्हीवर चित्र येते, दुसऱ्या दालनातला जुना प्रोजेक्टर मात्र "नो सिग्नल" म्हणतो. दोन्ही वेगवेगळे जोडले तर दोन्ही चालतात, एकत्र जोडले की एक रुसतो! लोक म्हणतात, प्रोजेक्टर बिघडला. तो बिघडलेला नसतो. प्रत्येक पडद्याच्या आत त्याचे छोटे ओळखपत्र साठवलेले असते. मी किती ठिपक्यांचे चित्र दाखवू शकतो, हे त्यात लिहिलेले असते. त्याला इडिड म्हणतात आणि त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटचा असतो. केबल जोडताच संगणक ते वाचतो आणि तसे चित्र पाठवतो. पण मध्ये स्प्लिटर आला की संगणकाला दोन ओळखपत्रे दिसत नाहीत, एकच दिसते. कित्येक स्प्लिटर पहिल्या जोडणीवरच्या पडद्याचे ओळखपत्र पुढे करतात. तिथे ३८४० × २१६० ठिपक्यांचा नवा टीव्ही असेल, तर संगणक तेवढे मोठे चित्र पाठवतो. १०२४ × ७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरला ते पेलत नाही, आणि तो अंधारतो. उपाय बिनखर्चाचा आहे. संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पडद्यांना झेपेल असे माप ठरवा. १९२० × १०८० करून पाहा, न चालल्यास १२८० × ७२०, तेही न चालल्यास १०२४ × ७६८. चित्र थोडे कमी रेखीव होईल, पण दोन्हीकडे दिसेल. घरात एकाला तिखट चालत नसेल तर सर्वांना चालेल असा रस्सा करतो, तसेच हे.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. जुन्या संगणकांचे ग्राफिक्स पुष्कळदा दोनच पडदे सांभाळते, आणि लॅपटॉपचा स्वतःचा पडदा त्यात धरला जातो. तिसरा हवा असेल तर स्प्लिटर वापरा. टेबलावरच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाच्या जोडणीत लावा, नेहमीच्या जोडणीत नको. साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. लांबच्या दालनासाठी नेटवर्कच्या वायरीवरून चित्र नेणारा एक्स्टेंडर घ्यावा. स्लाइड दिसतात पण एखादा चित्रपटच दिसत नाही, असे झाले तर ते नक्कल रोखणाऱ्या कुलपाचे काम असते, यंत्राचा दोष नव्हे. आणि चालू करण्याचा क्रम पाळा: आधी पडदे, मग स्प्लिटर, शेवटी संगणक.

लिपीचा प्रश्न आपल्या संस्थांना विशेष भेडसावतो. घरी तयार केलेली मराठी स्लाइड सभागृहातल्या संगणकावर उघडली की अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात. जुन्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट दुसऱ्या संगणकात नसला की मूळचे इंग्रजी उघडे पडते. उर्दूचे त्याहून नाजूक. अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतात, आणि नस्तालीकमध्ये शब्द तिरका खाली उतरतो. फाँट बदलला की ओळी तुटतात, नावे चुकीची वाटतात. आपल्या लिप्या संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे मोठे काम आपल्या पुण्यातच झाले आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावे. १९८८ साली सी-डॅक ही संस्था तिथे स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्र तिने पुढे नेले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की त्या काळच्या साध्या पडद्यावरही भारतीय लिप्या उमटत. १९९१ पासून युनिकोड आले आणि प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळू लागला. तेव्हा नियम दोन: मजकूर युनिकोडमध्येच लिहा, आणि सभेला नेताना त्याची पीडीएफ करून न्या, म्हणजे फाँटही तिच्याबरोबर जातो.

आता जिवाची गोष्ट. पडद्यावर आडव्या पट्ट्या हळूहळू सरकत राहतात, स्पीकर घुंऽऽ करतो. संगणकाचा पॉइंट एका ठिकाणचा, प्रोजेक्टरचा दुसऱ्या ठिकाणचा, आणि दोन्हीकडचे अर्थिंग सारखे नाही, असे असले की असे होते. काही जण अशा वेळी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. पट्ट्या जातातही. पण त्या पिनेवर माणसाचा जीव अवलंबून आहे. २३० व्होल्टचा प्रवाह यंत्राच्या पत्र्यात उतरला, तर तिच्यावाचून तो हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. मुलांनो, ती पिन कधीही काढू नका, कोणी काढली तर त्याला थांबवा. दोन्ही यंत्रे एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. पट्ट्या आपोआप जातील. ते जमत नसेल तर वायरमनला बोलवा.

पालकहो, हे सारे मी का सांगितले? आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की पदवी म्हणजे शिक्षण आणि हाताचे काम म्हणजे नाइलाज. आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते शास्त्रज्ञ होते, मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून खेड्यात आले. काम करता करता शिकणे हाच त्यांचा आग्रह होता, आणि शाळेत मागे पडलेली मुलेही तिथे वीज, जोडकाम, शेती शिकून स्वतःच्या पायावर उभी राहिली. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब सुरू झाली. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी कंपनीच्या कारखान्यात टीव्ही तयार होतात. म्हणजे पडदे बनतात आपल्या तालुक्यात, आणि आपला पडदा अंधारला की आपण माणूस शोधतो पुण्याचा! दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि संगणक चालकाचा, ज्याला कोपा म्हणतात, एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जुनी माणसे म्हणत, हुन्नर हातात असलेला उपाशी राहत नाही. त्या हुन्नराला विचाराची शिस्त जोडली की तेच शिक्षण.

शेवटी संस्थेला एक विनंती. चार विद्यार्थ्यांचे एक पथक करा, दोन मुले आणि दोन मुली. मुली अशासाठी की भगिनींच्या दालनातला पडदा अंधारला तर तिथल्या तिथे हाताळणारी कोणी असावी. बाहेरून माणूस बोलावून दालन रिकामे करण्याची वेळ येऊ नये. पथकाजवळ एक जादा केबल, एक कन्व्हर्टर आणि एक वही असू द्या. कोणता पडदा किती मापाला चालतो, कोणता दोष कशाने गेला, हे त्या वहीत लिहीत जा. कार्यक्रमाच्या एक तास आधी सगळे जोडा, आणि तपासणी पहिल्या रांगेतून करू नका. भगिनींच्या दालनात शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि पाहा, शिष्यवृत्तीची तारीख तिथून वाचता येते का? येत असेल, तरच सभा सुरू करा.