रक्त थांबते कसे?



विळीवर भाजी चिरताना बोट कापते. आपण त्यावर हळद दाबतो आणि थोड्या वेळात रक्त थांबते. श्रेय हळदीला मिळते. काम केलेले असते बिंबाणूंनी, म्हणजे आज घरोघरी ज्यांना प्लेटलेट म्हणतात त्यांनी.

१८८२ साली तुरिनच्या जूलिओ बित्सोझेरो याने हे कण जखमेपाशी चिकटून ढीग करतात असे दाखविले. ते येतात कोठून, हे १९०६ मध्ये बॉस्टनच्या जेम्स होमर राइट याने सांगितले: हाडांच्या मगजातील प्रचंड पेशींपासून. ही पेशी आपले लांब धागे रक्तवाहिनीत सोडते. सोऱ्यातून शेव पडावी तसे ते लांबतात आणि प्रवाहाच्या ओढीने तुटतात. एका पेशीपासून हजारो बिंबाणू! त्यांना केंद्रक नसते, आयुष्य ७ ते १० दिवसांचे. म्हणूनच ॲस्पिरिनने त्यांच्यातील एक विकर निकामी केले की ते नव्याने घडत नाही. तो बिंबाणू मरेपर्यंत तसाच.

रक्तवाहिनी फाटली की तिच्या अस्तराखालचे कोलॅजेन उघडे पडते. बिंबाणू त्याला चिकटतात, चकतीचे रूप टाकून पाय फुटल्यासारखे पसरतात आणि सोबत्यांना हाक मारणारी द्रव्ये सोडतात. हे झाले कच्चे बूच. मग रक्तद्रवातील फायब्रिनोजेनाचे फायब्रिन होऊन त्यावर जाळी विणली जाते. हीमोफिलियात बिंबाणू पुरेसे असतात. जाळीच नीट जमत नाही.

निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात बिंबाणू दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत हा आकडा लाखाखाली उतरला की नातेवाईक पिशवीसाठी रात्री-अपरात्री धावतात. ती धावपळ आम्हांला समजते, पटत मात्र नाही. रक्तस्राव नसेल, तर १०,००० च्या खाली जाईपर्यंत बाहेरून बिंबाणू देण्याची गरज सामान्यतः मानीत नाहीत. डेंग्यूतील मोठा धोका निराळाच आहे. केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरतो, रक्तदाब ढासळतो, आणि तेही बहुधा ताप उतरताना, घरची मंडळी निश्चिंत झाल्यावर! पोटात सतत दुखणे, वरचेवर उलट्या, ग्लानी दिसली, तर आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि ती पिशवी? ती शीतकपाटात ठेवीत नाहीत. २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवावी लागते, तरी साधारण ५ दिवसच टिकते. रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनी ज्या मुलाचा मगज रिता झालेला असतो, ते मूल तिच्याच भरवशावर असते.