कडक तेच टिकतं का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी बजावलंय, "तुझ्या विषयातलं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल." माझी नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी पदवी सांगलीहून घेतलेली, मेकॅनिकलची. म्हणून आज ॲल्युमिनियमवर बोलते. आपल्या वर्गातले काही जण ओतकामाचा धंदा करतात आणि बरेच जण शेती करतात. दोघांचाही या धातूशी रोजचा संबंध आहे.

आपल्या भागाला धातूचं काम नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगरानं जमीन नासेल, या भीतीनं शेतकरी तो घेईनात. तो नांगर गावोगाव पटवून देणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटीलही होते. १९२२ साली साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. नांगरांमागून इंजिनं आली, आणि पुढे इंजिनांत ॲल्युमिनियमचे पिस्टन आले.

शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ असतं. आईच्या जुन्या पातेल्याला पोचे पडायचे, आणि हिंडालियमची कढई मात्र तग धरायची. कारण तिच्यात मॅग्नेशियम, मँगनीज असे धातू मिसळलेले असतात. कडकपणा मोजायच्या ब्रिनेल मापात शुद्ध ॲल्युमिनियम वीस-पंचवीसवर थांबतं. पिस्टनचं मिश्रण शंभराच्या वर जातं. हा फरक थोड्याशा भेसळीचा आहे, पण ती मोजून केलेली भेसळ आहे.

आवर्त सारणीतले बारा, तेरा, चौदा सरांनी आपल्याकडून घोकून घेतले होते: मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन. पिस्टनमध्ये हे तिघे शेजारी एकत्र येतात. सिलिकॉन साधारण बारा टक्के. त्यानं रस पातळ होऊन साच्यात नीट भरतो, आणि तापल्यावर पिस्टन कमी फुगतो. सिलिकॉनचे बारीक, फार कडक कण मऊ धातूत रुतून बसतात आणि घासण्याचा भार तेच घेतात. तांबं आणि मॅग्नेशियम एक-एक टक्क्याच्या आसपास असतं. नग पाचशे अंशांपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचा, मग मंद आचेवर काही तास ठेवायचा, की कडकपणा चढतो. आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञाला ही गोष्ट १९०६ साली सापडली. निकेल घातलं की तापल्यावरही ताकद टिकते.

आता मुद्द्याचं. कडक म्हणजे टिकाऊ, असं आपण धरून चालतो. पण इंजिनातच क्रँकशाफ्टखाली जे बेअरिंग असतं, त्यात ॲल्युमिनियममध्ये मुद्दाम कथील घालतात, कधीकधी वीस टक्क्यांपर्यंत. ते मऊ असतं म्हणूनच शाफ्टला ओरखडे पडत नाहीत. म्हणजे कडकपणा वेगळा, झीज वेगळी. कोण कोणावर घासतंय, तेल किती आहे, उष्णता किती आहे, यावर सगळं ठरतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. गेल्या वर्षी आपल्याच एका वर्गमित्राचा अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. त्याच्या परवानगीनं सांगते. कडकपणाचा आकडा पास होता, तरी नगांच्या कडा तुटत होत्या. स्पेक्ट्रोवर तपासलं तेव्हा लोखंड जास्त निघालं. भंगारात राहिलेले नटबोल्ट मुशीत विरघळले होते. लोखंड ॲल्युमिनियममध्ये सुईसारखे लांबट, ठिसूळ स्फटिक करतं. कडकपणा मोजला तर ते लपून राहतं, आणि मार बसला की तडा तिथूनच जातो. शिवाय एकदा मिसळलेलं लोखंड भट्टीवर सहज बाहेर काढता येत नाही. थोडं मँगनीज घालून सुयांचा आकार आखूड करता येतो, किंवा शुद्ध धातू घालून त्याचं प्रमाण उतरवावं लागतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे भंगार निवडताना चुंबक फिरवणं, आणि पळीला व हत्यारांना लेप देणं.

तो लॉट वितळवायला लागला. महिनाभर त्याच्या घरात झोप नव्हती. आठ कामगारांचे पगार त्यावर अवलंबून होते. त्याची मुलगी आता डिप्लोमा करतेय. धंदा पुढे चालवायचा की विकायचा, हा प्रश्न त्या घरात अजून आहे.

म्हणून धंदा करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. प्रत्येक भट्टीचे चार आकडे लिहून ठेवा: सिलिकॉन, तांबं, मॅग्नेशियम, लोखंड. नुसत्या कडकपणावर माल पास करू नका. आणि शेतकरी मित्रांनो, पिस्टन घेताना तो वजनाला भारी किंवा दिसायला चकचकीत आहे म्हणून घेऊ नका. बनवणाऱ्याकडे तपासणीचा कागद आहे का, ते विचारा. ऐन उन्हाळ्यात विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, तर उसाचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं!

त्या मित्रासाठी मी या नोंदींचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलंय. मराठीत आहे, मोबाइलवर चालतं. आणखी कोणाला हवं असेल तर जेवणाच्या सुट्टीत भेटा. फी म्हणून पिठलं-भाकरी चालेल.