रात्रीचा पेलाभर दूध
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात कुणाला लिव्हरचं दुखणं आहे म्हटलं की आमच्या केज तालुक्यात पहिला प्रश्न ठरलेला : "पीत होते का?" आमचे आण्णा जुने माळकरी. दारूचा थेंब त्यांना ठाऊक नाही. पण मधुमेह, लठ्ठपणा, काविळीचे 'बी' आणि 'सी' विषाणू यांनीही यकृत हळूहळू निबर होत जातं. डॉक्टर त्याला सिरॉसिस म्हणतात. लोकांच्या त्या प्रश्नापायी कित्येक घरं दुखणं लपवतात आणि उपचाराला उशीर होतो.

या दुखण्यात भूक मरते. पोटात पाणी साचलं की जठरावर दाब येतो, दोन घासांत पोट भरतं. त्यात मिठाचं पथ्य. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे भाजी-वरणातलं सगळं धरून जेमतेम सपाट चमचाभर. ठेचा, लोणचं, पापड बंद. अळणी वरण पाहून म्हाताऱ्या माणसानं ताट सरकवलं, तर तो त्याचा हट्ट नसतो. लिंबू, जिरं, कोथिंबीर यांनी थोडी चव येते. ताट भरून वाढण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्यावं.

पूर्वी अशा रोग्याचं डाळ-दूध तोडत. आता डॉक्टर उलट सांगतात : वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या माणसाला साठ ग्रॅम तरी. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. करा हिशेब! (वजन धरताना पोटातलं पाणी वजा करायचं, हेही ध्यानात ठेवा.)

आमच्याकडे खरा पेच पडला एकादशीचा. निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं; सिरॉसिसमध्ये ती साठवण उरत नाही. एका रात्रीच्या उपाशीपोटी शरीर स्नायू जाळू लागतं, धडधाकट माणसाचे दोन-तीन दिवसांच्या उपासात जळावेत तसे. म्हणून झोपताना काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. आण्णा म्हणाले, "व्रत मोडायचं नाही." मग भगर, राजगिरा, शेंगदाणे आणि रात्री पेलाभर दूध असं ठरलं. व्रतही राहिलं. फक्त उपासाचं सैंधव हेही मीठच, ते मोजूनच घालायचं.

पातळ औषध मिळतं, त्यानं दिवसाला दोन-तीनदा शौचाला होतं. म्हातारी माणसं जाण्या-येण्याच्या त्रासानं ते टाळतात. टाळू देऊ नये. पोट साफ नसलं की विष मेंदूपर्यंत जातं. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो. अंगदुखीच्या गोळ्या आणि झाडपाल्याची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचं २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. लेक-सून ऊसतोडीला, घरी आजा आणि नातवंडं. रात्रीचं दूध कोण देणार? आमच्या गल्लीतल्या अशाच एका आजोबांच्या नातीला मी तीनच गोष्टी सांगून ठेवल्यात : निजताना दूध द्यायचं; आजोबा भलतंच बोलायला लागले तर मला हाक मारायची; आणि रक्ताची उलटी किंवा डांबरासारखं काळं शौच दिसलं, तर सकाळची वाट न पाहता गाडी करून अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय गाठायचं.