आकडा लपवू नका

मी तंजावरची. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. आणि पंधरा वर्षं सोबतीला मधुमेह.

25 मार्च 2020ला देशभर टाळेबंदी लागली. मधुमेह असेल तर कोरोना जास्त जड जातो, असं टीव्हीवर रोज ऐकायचे. झोप उडाली. ताणानंही साखर वाढते. ती बघायचीच भीती वाटायला लागली, म्हणून ग्लुकोमीटर कपाटात ठेवून दिला. पुण्याहून मुलगा विचारायचा, ‘आई, साखर किती?’ मी खुशाल सांगायचे, ‘ठीक आहे रे.’

एका रात्री घशाला कोरड पडली, उठवेना. मोजली, तर 312! रडत रडत त्याला खरं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, ‘रोज सकाळी सातला मला आकडा सांग, बस्स.’ डॉक्टरांनी फोनवर औषध बदललं. मी गच्चीवर चालू लागले. भीती गेली नाही; पण ती आता दोघांत वाटली गेली.

आमच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात वैद्यांकडून गुणकारी औषधं नोंदवून घेतली, तमिळ पद्यात उतरवली. नोंदलं, तर पुढे उपयोगी पडतं. लपवलं, तर नाही.

तुमचा आकडा आजच एका माणसाला खरा सांगा. कुणाला सांगाल?