आईचा वाटा, बापाचा वाटा



लेकराचं नाक आईचं, कपाळ बापाचं, असं आपण बारशाला म्हणतो. रक्ताचा गटही तसाच आईबापांकडून येतो. पण तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घोटाळा होतो आणि एखाद्या निरपराध बाईवर आळ येतो. आज आम्ही तेच उलगडून सांगणार आहोत.

सगळ्यांचे रक्त एकसारखे नसते, हे कार्ल लांडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्ना शहरात दाखवून दिले. ए, बी, एबी आणि ओ असे चार गट आहेत. प्रत्येकाजवळ दोन वाटे असतात. एक आईचा, एक बापाचा. ए आणि बी हे वाटे जोरकस. ओ मात्र त्यांच्यामागे लपून राहतो. एका वाट्यात ए आणि दुसऱ्यात ओ असला, तर तपासणीत ए एवढाच गट निघतो.

आता पाहा. आई ए, बाप ए, पण दोघांजवळ ओ लपलेला आहे. दोघांनी तोच वाटा दिला, तर मूल ओ होणार. आई ओ आणि बाप एबी असला, तर मूल ए किंवा बी होते. म्हणजे दोघांसारखेही नाही! तरी मूल त्यांचेच, बरं का.

“दोघंही ओ असली तर?” असं कोणी विचारील. मग मूलही ओच, पण क्वचित तसे होत नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना निराळेच रक्त आढळले. साध्या तपासणीत ते ओ दिसते. आत ए किंवा बी वाटा असू शकतो, पण तो ज्यावर उभा राहायचा तो ‘एच’ नावाचा पायाच तिथे नसतो. मुलाला हा पाया दुसऱ्या पालकाकडून मिळतो आणि लपलेला ए किंवा बी वर येतो. याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. अशा माणसाला साधे ओ रक्तही चालत नाही. त्याच गटाचे द्यावे लागते.

शिवाय चिठ्ठीवर गट लिहिण्यात चूकही होऊ शकते. तेव्हा मंडळी, चिठ्ठी वाचून घरच्या लक्ष्मीवर संशय घेऊ नका. पुन्हा तपासणी करा, डॉक्टरांना विचारा. आपण अक्षरे शिकलो ती समजून घेण्यासाठी. त्याच अक्षरांनी कोणाचा संसार मोडू नये.