ग्रंथालय-सेवक आणि मुक्तस्रोत कार्यप्रणाली

(ग्रंथालय-सेवक, सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयात संगणक घ्यावयाचे ठरले की आपल्याकडे चर्चा होते ती यंत्राची. कोणत्या कंपनीचा, किती किमतीचा, पडदा केवढा. त्या यंत्राला चालविणाऱ्या प्रणालीविषयी मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दुकानदार जी घालून देतो ती आपली, असे आपण धरून चालतो. आज आम्ही या दुर्लक्षित भागाविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

कार्यप्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ऑपरेटिंग सिस्टीम, ही यंत्रातील ग्रंथपालच होय. आपला ग्रंथपाल कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे जाणतो, कोणाला काय द्यायचे व कोणाला कुठवर जाऊ द्यायचे हे ठरवतो. तसेच ही प्रणाली फाइली डिस्कवर लावून ठेवते, कळफलकावरील अक्षरे टिपते, छपाईयंत्राला काम देते आणि कोणाला कोणता अधिकार आहे ते पाहते. ग्रंथालयाचा सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा, तिची निवड डोळे मिटून करणे योग्य नव्हे.

मुक्तस्रोत कार्यप्रणाली म्हणजे जिची मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यास खुली असते अशी प्रणाली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणारे लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहून तो जगापुढे ठेवला. पुढे तो जीपीएल या परवान्याखाली आला. हा परवाना चार मुभा देतो : प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरा, तिची रचना अभ्यासा व हवी तशी बदला, तिच्या प्रती इतरांना द्या, आणि केलेली सुधारणाही वाटा. १९९३ साली सुरू झालेली डेबियन, तिच्यावर आधारलेली व २००४ पासूनची उबुंटू आणि भारतात सी-डॅकने तयार केलेली बॉस ही सारी याच घराण्यातील नावे आहेत.

आता ग्रंथालयाने हा मार्ग का विचारात घ्यावा ते पाहू.

पहिले कारण कायद्याचे व नीतीचे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या संरक्षणात ग्रंथांप्रमाणे संगणकाच्या आज्ञावल्याही येतात. तरीही अनेक ठिकाणी विनापरवाना प्रती सर्रास चालतात. लेखकाच्या हक्काचा मान राखण्याचे वाचकांना सांगणाऱ्या ग्रंथालयाच्या टेबलावर चोरलेली प्रत असावी, हे शोभणारे नाही. शिवाय अशा प्रतीबरोबर विषाणू येतात आणि वर्षांच्या नोंदी एका दिवसात जातात.

दुसरे कारण यंत्रांच्या आयुष्याचे आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. विंडोज १० च्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले कितीतरी संगणक अधिकृतपणे तिच्यात बसत नाहीत. अनुदान व वर्गणी यांवर चालणाऱ्या ग्रंथालयाने असे संगणक भंगारात काढायचे आणि त्या पैशांची पुस्तके घेण्याचे टाळायचे काय? लिनक्स मिंट किंवा झुबुंटू यांसारख्या हलक्या प्रणालींवर अशी बरीच यंत्रे आणखी काही वर्षे नीट काम देतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते व तिला पाच वर्षे मोफत दुरुस्त्या मिळतात.

तिसरे कारण आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. ते म्हणजे आपल्या नोंदींवरील आपली मालकी. दाखल नोंदवही कागदाची होती तेव्हा ती कपाटात होती आणि किल्ली ग्रंथपालाकडे होती. संगणकात गेलेली नोंदवही जर एकाच विक्रेत्याच्या आज्ञावलीलाच वाचता येत असेल, तर किल्ली त्या विक्रेत्याकडे गेली. त्याने धंदा बंद केला किंवा भाव वाढविला की आपण अडलो.

या प्रश्नातूनच एक मोठे काम उभे राहिले. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साली तारखांच्या घोटाळ्यात सापडणार होती. त्या ग्रंथालय-न्यासाने १९९९ मध्ये कटिपो या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. तिचे नाव कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आज जगभरची ग्रंथालये ती वापरतात. भारतातही अनेक महाविद्यालये व विद्यापीठे ती वापरतात. दाखल, तालिका, देवघेव, नियतकालिके ही सर्व कामे तिच्यात होतात. कोहा प्रामुख्याने डेबियन व उबुंटू यांवर बसविली जाते, म्हणून ग्रंथालय-सेवकाला या कार्यप्रणालीची ओळख असणे उपयोगाचे ठरते. ती एका मुख्य संगणकावर बसवली की बाकीच्या टेबलांवर केवळ ब्राउझर पुरतो. नोंदी मार्क या ग्रंथालयीन प्रमाणात बाहेर काढता येतात. म्हणजे उद्या दुसरी प्रणाली घ्यायची झाली तरी घर बदलताना सामान बरोबर नेता येते.

मराठीचा प्रश्न येथेच सांगितला पाहिजे. अनेक ग्रंथालयांनी पूर्वी निरनिराळ्या फॉन्टांत मराठी याद्या टंकित करून घेतल्या. तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना व चिन्हांना ठरलेले क्रमांक आहेत, त्यामुळे कोणत्याही यंत्रावर ‘ज्ञ’ हा ‘ज्ञ’च राहतो आणि शोधता येतो. लिनक्सवर युनिकोड देवनागरी व इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हींची सोय आहे. जुन्या याद्या युनिकोडमध्ये आणण्याचे काम आधी करावे, मग प्रणाली बदलावी. हा क्रम उलटा झाला तर गोंधळ वाढतो.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. काही छपाईयंत्रांसाठी लिनक्सवर चालणारी जोडणी मिळत नाही. हिशोबाच्या काही आज्ञावल्या केवळ विंडोजवर चालतात; तेथे एक संगणक तसाच ठेवणे शहाणपणाचे. वर्डमधील गुंतागुंतीचा तक्ता लिबरऑफिसमध्ये उघडला की कधी विस्कटतो. यूएसबीने जोडलेले बारकोड वाचक मात्र बहुधा कळफलकासारखेच ओळखले जातात, त्यामुळे देवघेवीत सहसा अडत नाही.

परंतु खरी अडचण यंत्राची नसून माणसांची आहे. एखादा उत्साही तरुण येतो, रविवारी बसून सारे उभे करून देतो, शाबासकी घेतो आणि पुढे परगावी नोकरीला जातो. परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. महिन्याभरात एखादी अडचण येते, ती सोडविणारा कोणी नसतो आणि मग “हे लिनक्स काही कामाचे नाही” असा शेरा बसतो. दोष शिकवण्याच्या अभावाचा असतो आणि खापर प्रणालीवर फुटते. मुक्त प्रणालीला परवान्याचा पैसा लागत नाही, परंतु तिची किंमत असते. ती किंमत आपल्या सेवकांच्या शिक्षणात मोजावी लागते. तेवढी मोजायची तयारी नसेल तर प्रणाली बदलूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

केरळचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तेथील शासकीय व अनुदानित शाळांनी मुक्तस्रोत कार्यप्रणाली स्वीकारली, तेव्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था त्याबरोबर उभी केली गेली. म्हणूनच ते काम एका माणसावर अवलंबून राहिले नाही.

आपल्यापुरते काय करता येईल? प्रथम आठ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन त्यावर प्रणाली उतरवावी. त्यावरून संगणक सुरू केला तर डिस्कवरील काहीही न बदलता ती पाहता येते. छपाईयंत्र चालते की नाही, मराठी उमटते की नाही हे तपासावे. नंतर सर्व नोंदींच्या दोन प्रती काढून एक ग्रंथालयाबाहेर ठेवावी. मग वाचनकक्षातील एकच संगणक बदलावा. वाचकांसाठी वेगळे खाते उघडावे व त्याला प्रणाली बदलण्याचा अधिकार देऊ नये. देवघेवीचे टेबल सर्वांत शेवटी बदलावे, आणि पहिले तीन महिने कागदी नोंद चालू ठेवावी. किमान दोन सेवकांना सर्व कामे यावीत. काय केले, कोणत्या दिवशी केले हे मराठीत एका वहीत लिहावे. परवलीचे शब्द बंद पाकिटात कार्यवाहांकडे असावेत.

सेवक-बंधुभगिनींना एक सांगावेसे वाटते. संगणकामुळे आपले महत्त्व कमी होईल ही भीती पुष्कळांच्या मनात आहे. तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या माणसाला ती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्याला प्रणाली बसविता येते, प्रत काढता येते, बिघाड झाल्यावर कारण शोधता येते, त्याचे स्थान ग्रंथालयात पक्के होते. ही विद्या मुक्तस्रोतात कोणाच्या परवानगीशिवाय मिळविता येते. रचना खुली आहे, माहितीपुस्तिका खुल्या आहेत.

विद्यार्थी मित्रांनीही दर आठवड्याला एक तास आपल्या ग्रंथालयाला द्यावा आणि स्वतः काम करून मोकळे होण्याऐवजी सेवकांच्या हातून ते करवून घ्यावे. पदाधिकाऱ्यांनी अंदाजपत्रकात यंत्राच्या शेजारी प्रशिक्षणाचीही एक ओळ घालावी. एवढे झाले तर नोंदवहीची किल्ली पुन्हा ग्रंथालयाच्या हाती येईल.