वडिलांची गोष्ट सांगायला लागलेली वर्षे



पोलंडचे दिग्दर्शक आंद्रे वायदा कम्युनिस्ट राजवटीत सरकारी पैशानेच चित्रपट काढत. तरीही ‘मॅन ऑफ मार्बल’ची पटकथा दहा वर्षांहून अधिक काळ अडून राहिली, चित्रपट १९७७ मध्ये लागला. १९८१ मध्ये ‘मॅन ऑफ आयर्न’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच डिसेंबरात लष्करी कायदा आला आणि चित्रपटावर बंदी पडली.

वायदांच्या वडिलांना १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारले होते. सरकारी इतिहासात मात्र त्या हत्याकांडाचा दोष जर्मनांवर होता. ‘कातिन’ हा चित्रपट वायदांनी काढला तो २००७ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आपण तरी वेळेत लिहून घेऊ, एवढीच आमची विनंती.